आफ्रिकन मुखवटा घ्यायचाय? आधी तो उलटा करून बघा

नैरोबी, अक्रा, लागोस किंवा दार-ए-सलामला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाच्या परतीच्या बॅगेत एखादा लाकडी मुखवटा हमखास असतो. घरी आल्यावर तो टीव्हीच्या वर खिळ्याला टांगला जातो. पहिल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच्याखाली पिठासारखा भुगा सापडतो. मग तो माळ्यावर जातो. यातलं काहीही अटळ नाही. मात्र काळजीची सुरुवात भिंतीपाशी नाही, दुकानातच करावी लागते.

नेमका कुणाचा, हे आधी विचारा

‘आफ्रिकन आदिवासी मुखवटा’ हे नाव ‘आशियाई देवाची मूर्ती’ म्हणण्याइतकंच ढोबळ आहे. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारायचा: कोणत्या लोकांचा? ‘व्हेरी ओल्ड, व्हेरी ट्रायबल’ एवढंच उत्तर आलं, तर तो शोभेची वस्तू विकतोय असं समजा आणि किंमतही त्याच हिशेबाने करा.

लाकडी मुखवट्यांची मोठी परंपरा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे. पूर्वेकडे ती तुरळक आहे: टांझानिया-मोझांबिकच्या सीमेवरचे माकोंडे आणि मलावी, झांबिया, मोझांबिकमधले चेवा ही त्यातली ठळक नावं. मसाई लोकांत लाकडी मुखवट्याची परंपराच नाही. नैरोबीच्या बाजारात ‘मसाई मास्क’ म्हणून लांबट, लाल-काळा चेहरा मिळतो, तो पर्यटकांसाठी घडवलेला प्रकार आहे. घानाच्या ‘अशांती मास्क’चंही तेच. अशांतींची कीर्ती सोन्याच्या कामाची, केंटे कापडाची आणि लाकडी आसनांची आहे, मुखवट्यांची नव्हे. या वस्तू दिसायला छान असतात, आवडली तर जरूर घ्या. फक्त ‘पूजेत वापरलेला’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

नवख्याला ओळखायला सोपे असे काही:

दान (लायबेरिया, आयव्हरी कोस्ट): गुळगुळीत, लंबगोल, काळसर चेहरा, डोळ्यांच्या जागी बारीक फटी. डोळे मोठे आणि गोल असतील तर तो बहुधा धावण्याच्या शर्यतीतला मुखवटा.

पुनू (गॅबॉन): पांढराशुभ्र चेहरा, मिटल्यासारखे डोळे, कपाळावर खवल्यांच्या नक्षीचा चौकोन. तो घालणारा नर्तक उंच काठ्यांवर चालतो. नकला सर्वाधिक होतात त्या मुखवट्यांपैकी हा एक.

सोंग्ये (काँगो): चेहराभर कोरलेल्या समांतर रेघा, नाव किफ्वेबे. डोक्यावर उंच तुरा असेल तर पुरुष, सपाट आणि पांढरा असेल तर स्त्री.

मेंदे (सिएरा लिओन): काळंभोर शिरस्त्राण, मानेवर वळ्या. आफ्रिकेत मुखवटे बहुतेक ठिकाणी पुरुषच घालतात. हा मात्र सांदे या स्त्रियांच्या मंडळाचा असून स्त्रियाच घालतात.

बाम्बारा (माली): चिवारा, म्हणजे काळविटासारखा कोरीव प्राणी. हा तोंडावर बांधायचा नसतोच. वेताच्या टोपीवर बसवून डोक्यावर घेतात आणि शेतीच्या नाचात नाचवतात.

लेगा (काँगो): तळहातापेक्षा थोडा मोठा, साधा, हृदयाच्या आकाराचा चेहरा. हा हातात धरतात, दंडाला बांधतात किंवा कुंपणावर रांगेने लावतात. भिंतीवर टांगलेला पाहून त्याच्या मूळ मालकाला फारसं वावगं वाटणार नाही असा हा एकच.

बाकीच्यांबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव, ज्याने पाहिला असेल त्याला ती सांगावी लागणार नाही. सोंग म्हणजे नुसतं तोंडावरचं लाकूड नव्हे. अंगावरचा वेश, संबळाचा ताल आणि मशालींचा उजेड मिळून ते सोंग होतं. आफ्रिकेतही मुखवट्याला रॅफिया या ताडाच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा झगा, कापड आणि ढोल यांची जोड असते. आयव्हरी कोस्टच्या गुरो लोकांचा झाउली नाच २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तो पायांच्या अफाट वेगासाठी नावाजलेला आहे. मुखवटा त्या सगळ्याचा एक भाग. बाजारात आपल्या हाती येतो तो एवढाच तुकडा.

आता उलटा करा

पुढचा भाग कारागीर गिऱ्हाइकासाठी सजवतो. पाठ सजवण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही, म्हणून खरी माहिती तिथे मिळते. दुकानात मोबाइलची बॅटरी लावा आणि या क्रमाने बघा.

आधी कडेची भोकं. नाचात वापरायच्या मुखवट्याला कडेने भोकांची रांग असते, कारण त्यातून झगा आणि दोऱ्या बांधतात. दोरी वर्षानुवर्षं घासली की भोकाची कड एका बाजूने गोल होते. भोकं धारदार, ड्रिलने पाडल्यासारखी एकसारखी गोल असतील तर ती दिखाव्याची. भोकं नाहीतच आणि वर मधोमध टांगायला एकच तार असेल, तर वस्तू थेट भिंतीसाठीच घडवलेली आहे.

मग चेहरा टेकण्याच्या जागा. कपाळ, गालाची हाडं, हनुवटी, नाकाचा दांडा या ठिकाणी लाकूड काळपट आणि गुळगुळीत व्हायला हवं, खोलगट भाग मात्र तुलनेने कोरा राहतो. सगळी पाठ एकसारखी तपकिरी असेल तर ते बुटाचं पॉलिश, चहाचं पाणी किंवा धूर. खोटी झीज सगळीकडे सारखी असते, खरी झीज फक्त घासणाऱ्या जागी.

नंतर मुखवटा स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरा. (दुकानात थोडं हास्यास्पद दिसतं, हरकत नाही.) डोळ्यांच्या फटी कुठे येतात? नाकाला जागा आहे का? काही मुखवट्यांत नर्तक डोळ्यांतून नव्हे, तोंडाच्या फटीतून किंवा खालच्या कापडातून बघतो, त्यामुळे डोळ्यांची भोकं जुळत नाहीत एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका. बुर्किना फासोच्या ब्वा लोकांचे फळीचे मुखवटे माणसाहूनही उंच असू शकतात. ते सावरायला नर्तक पाठीमागची जाड दोरी दातांत धरतो. अशा मुखवट्याला तोंडामागे त्या दोरीची भोकं असायलाच हवीत.

शेवटी वास आणि रंग. ताजं पॉलिश, रॉकेल किंवा जळका वास आला तर वस्तू नवी आहे. ओला पांढरा रुमाल मागच्या एका कोपऱ्यावर घासा. काळा रंग भराभर उतरला तर हलक्या लाकडाला काळं फासून ‘एबनी’ या काळ्या, जड लाकडाच्या नावाने विकतायत. पूर्व आफ्रिकेतलं खरं काळं लाकूड म्हणजे म्पिंगो. ते इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. मुखवटे मुळातच हलक्या लाकडाचे कोरतात, कारण ते डोक्यावर घेऊन तासन्‌तास नाचायचं असतं. म्हणजे ‘एबनीचा जुना नाचाचा मुखवटा’ हे वाक्य बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला खोटं पाडतं. पांढऱ्या मुखवट्यांत मूळ रंग केओलिन या पांढऱ्या मातीचा असतो. तो भुकटीसारखा लाकडाच्या रेषांत बसतो. पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तो भिंतीचा रंग.

मग घ्यायचा कोणता?

सरळ सांगायचं तर बाजारात तीन प्रकार असतात: खरोखर नाचात वापरलेले, त्याच परंपरेतल्या कारागिराने विक्रीसाठी नीट कोरलेले, आणि घाऊक शोभेचे. नवख्याने दुसरा घ्यावा. पहिल्यात फसवणुकीची शक्यता मोठी असते, आणि खरा निघाला तर प्रश्न आणखी अवघड होतो. तो तिथून बाहेर आला कसा? दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून १९८४ मध्ये चोरीला गेलेला माकोंडे मुखवटा जिनिव्हाच्या बार्बिये-म्युलर संग्रहालयात पोहोचला होता. २०१० मध्ये त्यांना तो टांझानियाला परत द्यावा लागला. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिये इथे गॅबॉनच्या फँग लोकांचा एक मुखवटा सुमारे ४२ लाख युरोला विकला गेला. मूळ मालकांनी तो एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोला दिला होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. ही बातमी वाचून रस्त्यावरच्या दुकानात खजिना शोधायला निघू नका. तो मुखवटा वसाहतकाळातल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या घराण्यातून आला होता, फुटपाथवरून नव्हे.

चांगलं नवं काम कसं ओळखायचं? मुखवटा एकाच लाकडातून कोरलेला असावा, जोड नसावा. हनुवटी आणि कडा यांची जाडी सारखी, साधारण १ ते २ सेंटिमीटर असावी. नाकाच्या दोन्ही बाजू जुळाव्यात. वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव आतून दिसले तर ती चांगली खूण, पॉलिश पेपरच्या चाकाचे गोल ओरखडे दिसले तर घाऊक काम. अक्राचं आर्ट्स सेंटर, दार-ए-सलामचा म्वेंगे बाजार, कॅमेरूनमधलं फुंबान, आयव्हरी कोस्टचं कोरोगो इथे कारागीर समोर बसून कोरताना दिसतात. तिथे विचारपूस करून घेतलेली वस्तू विमानतळावरच्या दुकानापेक्षा केव्हाही बरी.

बॅगेत भरण्याआधी

हस्तिदंत, बिबट्या किंवा माकडाचं कातडं, कासवाची पाठ यातलं काही लावलेलं असेल तर हात लावू नका. आंतरराष्ट्रीय करार आणि भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही आड येतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर कस्टम्समध्ये चालत नाही. कच्चं कातडं, शिंगं, पिसं यांचाही त्रास होतो. म्पिंगो हे शिसवीच्या डालबर्जिया गटातलं लाकूड, २०१७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. तयार वस्तूंत त्या लाकडाचं वजन खेपेमागे १० किलोपर्यंत असेल तर सवलत आहे, त्याहून जास्त आणणार असाल तर परवाना लागतो.

नायजेरिया आणि घानामध्ये पुरातन वस्तू बाहेर न्यायला तिथल्या संग्रहालय मंडळाची परवानगी लागते. गंमत अशी की मुद्दाम जुनाट केलेला नवा मुखवटाही विमानतळावर अडू शकतो, कारण तो जुना दिसावा म्हणून विकणाऱ्याने बरीच मेहनत घेतलेली असते! म्हणून बिलावर ‘नवी हस्तकला’, लाकडाचं नाव, गाव, तारीख आणि किंमत लिहून घ्या.

बांधताना शिंगं, तुरे, दाढी या नाजूक जागा आधी मऊ कापडाने भरा. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या पोकळीत टिश्यू कोंबू नका, सैल ठेवा. त्यावर कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. खोक्यात सगळीकडे किमान ५ सेंटिमीटर भराव हवा. मालीच्या दोगोन लोकांच्या कनागा मुखवट्यावर दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस असतो, तो वादीने बांधलेला असतो. प्रवासात ही बांधणी सैल होते, तेव्हा तिला वेगळा आधार द्या.

घरी आल्यावर लगेच भिंतीवर लावू नका

आधी महिनाभर वेगळा ठेवायचा. काळ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर ठेवा आणि दर दोन दिवसांनी खाली बघा. फिकट, मैद्यासारखा भुगा पडलेला दिसला तर आत भुंगा जिवंत आहे. १ ते २ मिलिमीटरची गोल भोकं जुनी असू शकतात. भोकाची आतली कड फिकट आणि स्वच्छ असेल तर ते नवं. घरातलं बाकीचं फर्निचर वाचवायचं असेल तर हा महिना टाळू नका. हलक्या लाकडाच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि हा भुंगा त्यावरच जगतो.

भुगा सापडला तर उपाय फ्रीझरचा. मुखवटा सुती कापडात गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने हवाबंद करा. उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये सलग दोन आठवडे ठेवा. मध्ये दार सतत उघडबंद होत असेल तर तीन. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाई केली तर थंड लाकडावर पाणी धरतं आणि केओलिनचा रंग ओघळतो. आठवडाभर थांबून हेच पुन्हा एकदा केलं तर वाचलेल्या अंड्यांतून निघालेलेही मरतात. फ्रीझरमध्ये मावत नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम म्हणून स्पष्ट सांगा, झुरळांची फवारणी इथे उपयोगाची नाही.

रॉकेल चोपडणं, उन्हात वाळत घालणं आणि ओव्हन, हे तिन्ही घरगुती उपाय टाळा. रॉकेलचा डाग आणि वास वर्षभर जात नाही. ऊन आणि ओव्हन वरचा थर झपाट्याने सुकवतात, आतला ओला राहतो, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी चीर जाते.

नवा मुखवटा बऱ्याचदा ओल्या लाकडातच कोरलेला असतो, कारण ओलं लाकूड कोरायला सोपं. हाताला थंड आणि आकाराच्या मानाने जड लागला तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वजन उतरत असेल तोवर लाकूड सुकतंय. सलग दोन आठवडे आकडा तोच आला की सुकलं. तोवर पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. सैल कापडात, सावलीत.

टांगणं

प्रथम जागा. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत नको, स्वयंपाकघराची नको, बाथरूमच्या पाठची नको. थेट ऊन पडणारी तर अजिबात नको: रॅफिया ठिसूळ होतो आणि वनस्पतीचे रंग उडतात. एसी मुखवट्यावर सरळ वारा सोडत नसावा.

मुखवट्याचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला तो नजर देतो. सोफ्यावर बसूनच बघायचा असेल तर १० सेंटिमीटर खाली. दोन मुखवट्यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर. एका भिंतीवर सात-आठ गर्दीने लावले की दुकान दिसतं. एक मोठा किंवा तीन लहान पुरे.

३०-४० सेंटिमीटरच्या हलक्या लाकडी मुखवट्याचं वजन साधारण एक किलोच्या आसपास असतं. विटांच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी आणि ४० ते ५० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक भसकन मोठं होतं. तिथे ८ मिलिमीटरची लांब नायलॉन गिट्टी वापरा. काँक्रीटच्या भिंतीला मात्र हॅमर ड्रिलच हवं. साधा खिळा प्लास्टरमध्ये धरतो, विटेत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत मुखवटा पलंगावर येतो.

मुखवटा दाढीने, शिंगाने किंवा जुन्या दोरीने टांगायचा नाही. कडेची भोकं असतील तर डोळ्यांच्या रेषेच्या थोडं वरच्या दोन समोरासमोरच्या भोकांतून २० किलो वजन पेलणारी नायलॉनची मासेमारीची दोरी ओवा आणि मागे सैल व्ही करा. दोरी लाकडात रुतू नये म्हणून भोकापाशी तिच्यावर पातळ प्लास्टिकची नळी चढवा. भोकं नसतील तर नवी पाडू नका. वरच्या कडेखाली अडकेल असा, रबर चढवलेला वाकडा हुक भिंतीत बसवा आणि खाली हनुवटीला दुसरा लहान आधार द्या.

पाठीमागे, चार ठिकाणी, फेल्टच्या गोल चकत्या लावा. त्या मुखवट्यावर नव्हे, भिंतीवर चिकटवा. मागे थोडी हवा खेळली की पावसाळ्यातली बरीच बुरशी टळते.

शिरस्त्राणासारखे आणि डोक्यावर घ्यायचे प्रकार भिंतीवर लावूच नका. नायजेरिया-बेनिनमधला योरुबांचा गेलेडे मुखवटा डोक्यावर तिरका बसतो. तो भिंतीवर सपाट टांगला की छताकडे बघत राहतो. अशांना लोखंडी स्टँड हवा: १५ बाय १५ सेंटिमीटरची ६ मिलिमीटर जाडीची पट्टी, त्यावर वेल्ड केलेली ८ मिलिमीटरची सळई, आणि जिथे लाकूड टेकतं तिथे फेल्ट. फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात करून देतो. चिवाराही असाच उभा करावा.

दिवा समोरून टाकला तर कोरीवकाम सपाट दिसतं. वरून एका बाजूने, साधारण ३० अंशांत, पिवळसर एलईडी टाका. भुवया आणि ओठांच्या सावल्या पडल्या की चेहरा उठतो. हॅलोजन नको, त्याची उष्णता लाकूड तडकवते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘असले चेहरे घरात नकोत’ असं वाटलं तर वाद घालू नका. आपल्याकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर राक्षसाचं तोंड टांगतात ते दृष्ट लागू नये म्हणूनच, एवढी आठवण पुरते. तरीही पटलं नाही तर अभ्यासिकेची भिंत आहेच.

सांभाळणं आणि बिघाड

महिन्यातून एकदा मऊ, रुंद ब्रशने, वरून खाली. ओलं फडकं नाही. खोबरेल तेल, जवसाचं तेल, फर्निचर पॉलिश यातलं काहीही नाही: तेल धूळ धरून ठेवतं, खवट होतं आणि काही वर्षांत मुखवट्यावर चिकट काळा थर येतो. काँगोच्या कुबा लोकांच्या कवड्या, मणी लावलेल्या मुखवट्यांवर ब्रश जपून फिरवा. आतला दोरा तुटला तर एकेक कवडी नव्हे, अख्खी ओळ घरंगळते. सुटू लागलेली ओळ दिसली तर लगेच मेणाच्या सुती दोऱ्याने तशीच ओवून घ्या.

पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली तर मुखवटा गॅलरीत नेऊन (घरात नव्हे, बुरशीचे बीजाणू उडतात) कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून. मग कोरड्या, हवेशीर खोलीत चार दिवस. मूळ जागी परत लावला तर ती पुन्हा येणारच. भिंतीची ओल आधी बघा.

बारीक चीर गेली तर एम-सील किंवा फेविकॉल भरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि भरलेला कडक पदार्थ चिरेला आणखी रुंद करतो. चीर पेन्सिलीने टोकाशी हलकी खूण करून ठेवा. सहा महिन्यांनी ती खुणेच्या पुढे गेली नसेल तर तिला तशीच राहू द्या. पुढे गेली असेल तर जागा बदला: बहुतेक वेळा एसीचा झोत सापडतो.

आणि एक कागद. लोकांचं नाव, गाव, देश, साल, कोणाकडून, कितीला, लाकूड कोणतं, फ्रीझर केव्हा केला. पेन्सिलीने लिहून, बिलासकट पाकिटात घालून, मुखवट्यामागे भिंतीच्या हुकाला अडकवून ठेवा. थेट लाकडावर पेनने लिहू नका, आणि पाकीट चिकटपट्टीने लाकडाला लावू नका. पट्टी निघताना रंग घेऊन येते.